रुपासागरचा बिल्ला

बैलाच्या गळ्यात लोक काय काय बांधतात ते मला विचारा. घुंगरं, कवड्या, काळा दोरा, जुन्या सायकलची घंटी. एका गावात तर कुलपाची किल्ली बांधलेली पाहिली. घरधनी म्हणाला, "बैल हरपत नाई जी, किल्ली हरपते." बत्तीस वर्षं मी ढोरांच्या मानेपाशी उभा राहून नोकरी केली. कागदावर माझं पद पशुधन पर्यवेक्षक. पण वडसा, आरमोरी, धानोरा, भामरागड, जिथं जिथं बदली झाली तिथं लोक मला 'ढोर डॉक्टर'च म्हणत. डॉक्टर मी नव्हतो, पदविका झालेला माणूस होतो. घटसर्पाची, खुरकुताची लस टोचायची, जखमेतले किडे काढायचे, गाय अडली तर खरे डॉक्टर येईपर्यंत जमेल ते करायचं, एवढं माझं काम.

लस टोचताना मानेची कातडी चिमटीत धरावी लागते. म्हणजे डोळे मानेवरच असतात. त्यामुळेच मला तो छंद लागला. छंद म्हणतात त्याला, पण छंदाने माणसाला बरं वाटतं. मला याने स्वस्थ बसू दिलं नाही.

मी जुनी स्मारक पदकं जमवतो. शौर्यपदक वेगळं, ते पराक्रमाचं. स्मारक पदक म्हणजे एखादी गोष्ट घडली, तिची आठवण राहावी म्हणून पाडलेलं. कोण्या राजाचा राज्याभिषेक, दरबार, पुलाचं उद्घाटन, स्वातंत्र्याची पंचविशी. नाण्यासारखंच गोल, पण नाणं बाजारात फिरतं आणि पदक माणसाच्या अंगावर राहतं. आमच्या भागात अशी पदकं कुठून येणार, असं शहरातले लोक विचारतात. पुष्कळ आली. गावाचे मालक असलेल्या मालगुजारांना, पाटलांना, शाळामास्तरांना, फौजेत गेलेल्यांना, लढाईत मजूर म्हणून नेलेल्यांना मिळाली. मग ती माणसं गेली आणि पदकं पेटीतून तांदळाच्या कणगीत, कणगीतून पोरांच्या खेळात आणि शेवटी बैलाच्या गळ्यात गेली.

माझं पहिलं पदक बैलाच्या गळ्यातलंच. तेव्हा मी वडसा तालुक्यात नवीन होतो. पोळा दोन दिवसांवर आला होता. कुरुडखेड्याच्या वारलूभाऊंचा निरोप आला की बैल फुगला. वारलूभाऊ ढिवर. गावच्या तलावात मासे धरायचे, वर दोन एकर धान. बैलजोडी एकच, तिच्यावर घर चालायचं. मी सायकलवरून पोचलो तेव्हा बैल पाय ताणून उभा, डोळे बाहेर, तोंडातून लाळ. डावी कूस पाठीच्या वर आलेली. कोवळा हिरवा चारा जास्त खाल्ला की पोटात वायू धरतो आणि फुप्फुसावर दाब येतो. वेळ घालवला तर जनावर उभ्या उभ्या पडतं. तेल पाजून पाहण्याइतकीही उसंत नव्हती. आमच्याकडे नळीत बसवलेला एक टोकदार सुळा असतो. तो डाव्या कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये खुपसायचा, सुळा काढून घ्यायचा आणि नळी तशीच ठेवायची. शिकताना पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

खुपसला. सूं करून वायू बाहेर आला, असा घाण वास की वारलूभाऊंची बायको अंगणाबाहेर पळाली. पाव तासाने बैलाने शेपटी हलवली. वारलूभाऊ मटकन खालीच बसले.

"डॉक्टर, तुमी नसते आले त माहा बैल गेलाच होता. काय देऊ सांगा. तांदूळ नेता?"

माझी नजर बैलाच्या मानेवर होती. दोरीत ओवलेली एक चकती. काळी पडलेली, पण चांदीची. वर काहीतरी कोरलेलं.

"तांदूळ नको, भाऊ. हे गळ्यातलं काय आहे?"

"थो बिल्ला होय जी. तलावाचा बिल्ला. आमच्या आज्याले भेटला होता. बाबा गळ्यात घाले. बाबा गेला तवा बैलाले बांधला."

"मला द्याल?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. मग उठून गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. चकती धोतराला पुसून माझ्या हातावर ठेवली. "न्या," म्हणाले. "तुमी मांगतलं त नाई कसं म्हनू."

तेव्हा मला हे वाक्य सौजन्याचं वाटलं. त्याचा सरळ अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. बैल माझ्या हातून वाचला होता आणि पुन्हा आजारी पडला तर मलाच बोलवावं लागणार होतं. असा माणूस काही मागतो तेव्हा ते मागणं नसतं.

घरी नेऊन मी पहिला गाढवपणा केला. चिंच आणि राख लावून चकती घासली. लखलखीत झाली आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा पुसट झाल्या. नव्या छांदिष्टांना माझं एकच सांगणं आहे, पदक घासू नका. त्यावर साचलेला काळेपणा हे त्याचं वय असतं. उरलेली अक्षरं मी उन्हात तिरपी धरून वाचली. एका बाजूला 'रुपासागर संपूर्ण' आणि खाली 'लखा वल्द सोमा'. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या तीन लाटा आणि वर घंटेच्या आकाराचं, उभ्या रेघांचं काहीतरी. मी ठरवून टाकलं की तो राजमुकुट. त्या काळात राज्याभिषेकाच्या निमित्ताने कोण्या मालगुजाराने स्थानिक सोनाराकडून करवून घेतलेलं पदक असणार. लखा, सोमाचा मुलगा, म्हणजे वारलूभाऊंचा आजा. रुपासागर म्हणजे काय ते कळेना. कुरुडखेड्याच्या तलावाला सगळे 'मोठी बोडी' म्हणत. मी ते सोडून दिलं.

पुढे मी झपाटल्यासारखा जमवत गेलो. लसीकरणाला गेलो की काम उरकून घराघरांत विचारायचो, "जुना बिल्ला, मेडल काही आहे का?" बायका पेट्या उपसायच्या. निवडणुकीचे बिल्ले निघत, शाळेच्या शर्यतीचे निघत, एकदा रेल्वेच्या हमालाचा पितळी बिल्ला निघाला. शंभरात एक खरं पदक. त्याची कड पाहायची. फौजेच्या जुन्या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. ओतीव नक्कल असेल तर कडेला सांध्याची रेघ दिसते आणि अक्षरं साबणासारखी गुळगुळीत लागतात. सगळं बोटांना कळतं. ढोराच्या पोटात वासरू आडवं आहे की सरळ हेही बोटांनाच कळायचं. माझं डोकं बोटांत आहे असं बायको म्हणायची आणि बाकी कुठेच नाही असंही म्हणायची.

गिऱ्हाईकंही विचित्र यायची. वडशाला हिवाळ्यात नाटक मंडळ्यांची गर्दी असते. एका मंडळीतला नट माझ्या दारी आला. त्याला नाटकात निवृत्त कर्नल व्हायचं होतं. "छातीवर मेडल पायजेत, पन खरे पायजेत," म्हणाला. "खोटे लावले की माही छातीच फुगत नाई जी." मी त्याला नकला दिल्या आणि खऱ्या म्हणून सांगितल्या. खेळ पाहायला गेलो. शेवटच्या अंकात त्याने छातीवर हात ठेवून असं काही रडवलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर लावून बसल्या. परत आणून दिल्या तेव्हा म्हणाला, "पाहिलं? खऱ्याचा असर." मी नकला मोजून पेटीत ठेवल्या.

मग भामरागडला बदली झाली. पावसाळ्यात नदी चढली, रस्ता बंद पडला आणि आम्ही आठ दिवस अडकलो. मी पेटी बरोबर नेलेली. दवाखान्याच्या ओसरीत पदकं मांडून पुसत बसलो होतो. एक म्हातारे माडिया गृहस्थ बकरी घेऊन आले. बकरीला औषध पाजलं. ते पदकांकडे बराच वेळ पाहत राहिले, मग आमच्या शिपायाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. शिपाई हसायला लागला.

"काय म्हणतात?"

"विचारून राह्यले का, हे एवढे बिल्ले साहेबाले कायच्यासाठी भेटले?"

मी म्हटलं, "सांग, मला मिळाले नाहीत. मी जमवले."

शिपायाने सांगितलं. म्हाताऱ्यांनी पुन्हा विचारलं. शिपाई आता हसत नव्हता. "ते म्हनते, मंग ज्यायले भेटले त्यायच्यापाशी काय हाय?"

नदी उतरायला अजून चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी पेटी उघडली नाही. पण उघडली नाही म्हणून डोक्यातून गेली असं झालं नाही. ओसरीवर फेऱ्या मारायचो. शिपाई म्हणायचा, "साहेब, बसा ना जरा." बसता येईना.

यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. पेटीत बासष्ट पदकं होती. त्यात डोळ्यांसमोर नको वाटायचं ते एकच, वारलूभाऊंचं. चंद्रपूरला धोटे सर म्हणून संग्राहक होते, निवृत्त प्राध्यापक. सगळं रीतसर. प्रत्येक पदकाला मखमलीची खाच, खाली टंकलिखित चिठ्ठी, नोंदवहीत वर्णन. त्यांच्याकडे राज्याभिषेकाचं एक चांदीचं पदक होतं, मूळ फितीसकट, मूळ डबीसकट. मला ते कित्येक वर्षं हवं होतं. मी त्यांना तलावाचा बिल्ला दिला आणि ते घेतलं. धोटे सरांनी माझ्यासमोरच चिठ्ठी केली: 'स्थानिक स्मारक पदक. मुकुट व लाटा.' घरी येताना बसमध्ये मला मोकळं वाटत होतं. चांगलं पदक मिळालं म्हणून वाटतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

निवृत्त होऊन तिसरं वर्ष. वडशाला घर बांधलेलं. एका सकाळी फाटकाशी एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फायली.

"डॉक्टर, ओळखलं का? मी वारलूची सून. सगुणा. कुरुडखेड्याची."

वारलूभाऊ वारले होते. सगुणाबाई आता गावातल्या मासेमारांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. चहा घेत त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. गावचा तलाव जंगलाच्या हद्दीत येतो. काही वर्षांपासून तो बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला होता आणि गावच्या बत्तीस ढिवर कुटुंबांना त्यात जाळं टाकायची मनाई झाली होती. बायका तलावाच्या काठाने जाऊन नदीवर मजुरीने मासे धरत. ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली दावा टाकला. आदिवासी नसलेल्यांना त्यात तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. यांच्याकडे कागद नव्हता. दावा परत आला.

"मामाजी मराच्या आधी म्हनत होते," त्या म्हणाल्या, "का आज्याच्या नावाचा तलावाचा बिल्ला होता, थो ढोर डॉक्टरपाशी हाय. तुमच्यापाशी हाय नं जी?"

मी म्हणालो, "असेल. पाहतो. कुठे ठेवलं ते बघावं लागेल."

सरळ खोटं. त्या म्हणाल्या, "पाहा मंग. पुढच्या सोमवारी येतो." आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवून निघून गेल्या.

तो आठवडा मी घरात टिकलो नाही. दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरची बस धरली. धोटे सरांनी मला बसवलं, ऐकून घेतलं आणि मान हलवली. "राज्याभिषेकाची पदकं हजारोंनी पाडली होती. तुमच्याकडचं परत करता, ठीक. पण तलावाचं हे एकच आहे. ते मी देऊ शकत नाही."

"माझी पूर्ण पेटी घ्या."

"तुमच्या पेटीतलं सगळं माझ्याकडे आहे," ते शांतपणे म्हणाले. खरंच होतं.

परत आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. बायको म्हणाली, "नुसत्या बसच्या चकरा मारून राह्यले. त्या बाईले खरं काऊन नाई सांगत?" ती वडशाचीच, रागात आली की माहेरच्या बोलीवर येते.

सोमवारी सगुणाबाई आल्या. मी सगळं सांगितलं. बिल्ला दुसऱ्याला दिला, बदल्यात काय घेतलं, आठवडाभर काय केलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मामाजीनं तुमाले थो देल्ला होता का तुमी मांगतला होता?"

"मागितला होता."

"हो नं," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या दिवशी बैल सजवाले बसले त गळा मोकळा. मामाजी कोनासंग बोलले नाई त्या दिवशी. मी नवीन नवरी होतो, मले आठवते." मग फायलींची पिशवी उचलली. "चला. मले घेऊन चला त्या सरापाशी."

आम्ही दोघं बसने निघालो. रस्ताभर त्या खिडकीतून पाहत होत्या. कुठे तलाव दिसला की त्याचं पाणी किती, मासा कोणता असेल, हे स्वतःशीच सांगत. मी मात्र सर काय म्हणतील, मी काय म्हणायचं, याचीच घोकणी करत होतो. बसलेल्या जागी पाय हलत होते. "पाय ठेवा जी एका जागी," सगुणाबाई म्हणाल्या. "बाक हालून राह्यला."

धोटे सरांनी त्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली. माणूस सभ्यच. काचेचं झाकण उघडून पेटी पुढे सरकवली, पण हात कडेवर ठेवूनच. "हे पाहा, बाई. तुमच्या घरच्याइतकंच मी याला जपलंय. शासनाला फोटो हवा असेल तर फोटो देतो."

सगुणाबाई वाकल्या. चष्मा नव्हता, डोळे बारीक केले. आधी पदक पाहिलं, मग खालची चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचली. सातवीपर्यंत शिकलेल्या. "मु... कुट. मुकुट कुठी हाय जी?"

सरांनी पेन्सिलच्या टोकाने दाखवलं. "हा. लाटांच्या वर."

त्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. "मुकुट कायचा जी! हे त मासे धराची टोपली हाय. बांबूच्या काड्याची. वर तोंड लहान, खाली मोठं. उथळ पान्यात अशी दाबाची," त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून दाखवलं, "अन् वरून हात घालून मरळ काढाची. माह्या घरी दोन हायेत. आज्याच्या हातची जशी होती तशीच आमी विनतो."

मी वाकलो. मी पाहिलं आणि मला ती दिसली. उभ्या रेघा म्हणजे काड्या, मधला आडवा पट्टा म्हणजे वेणी. तीस वर्षं मी ती चकती बोटांनी ओळखतो असं मानत होतो. अशा टोपल्या मी शेकडो अंगणांत उलट्या पडलेल्या पाहिल्या होत्या. कित्येकदा त्यांना अडखळलो होतो.

धोटे सरांनी भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी नोंदवही उघडली, 'मुकुट' या शब्दावर सरळ रेघ मारली आणि विचारलं, "या टोपलीला काय म्हणता तुम्ही?" सगुणाबाईंनी सांगितलं. सरांनी ते लिहून घेतलं. पदक मखमलीतून काढलं आणि माझ्याकडे न देता सगुणाबाईंच्या हातावर ठेवलं.

"न्या. मला हे काय आहे तेच ठाऊक नव्हतं. कोणत्या तोंडाने ठेवू?"

मी राज्याभिषेकाचं पदक डबीसकट त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांनी घेतलं. तेवढे संग्राहक ते राहिलेच.

बिल्ला मिळाला, पण बिल्ल्याने दावा मंजूर होत नाही. चांदीच्या चकतीवर कोणीही काहीही कोरू शकतं, हे दावे तपासणाऱ्या समितीतल्या माणसाने आम्हाला तोंडावर सांगितलं आणि त्याचं चूक नव्हतं. तेव्हा मला ते दुसरं नाव खटकलं, रुपासागर. गावाने आजवर कागद शोधले होते ते 'मोठी बोडी' या नावाने, तेही गडचिरोलीला. गडचिरोली जिल्हा नव्हता तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपुरात होता. जुनं दप्तर तिथेच. आम्ही अर्ज केला. एक अभिलेखपाल होते, शांत, तंबाखूचं पान लावणारे. त्यांनी तीन खेपा परत पाठवलं. चौथ्या खेपेला मी दारातच फेऱ्या मारतोय हे पाहून म्हणाले, "साहेब, आत या आणि बसा, नाहीतर माझं चित्त लागत नाही." आणि कापडात बांधलेलं एक बाड सोडलं.

मालगुजारीच्या काळात गावोगावच्या वहिवाटी लिहून ठेवत. सरपण कोणी कुठून आणावं, गुरं कुठे चारावी, पाणी कोणी घ्यावं. कुरुडखेड्याच्या पानावर तलावाचं नाव होतं रुपासागर. त्याखाली लिहिलं होतं की तलावाची पाळ बांधताना गावच्या ढिवरांनी मेहनत केली, सबब मासे धरण्याचा हक्क त्यांचा आणि त्यांच्या वारसांचा. त्यांच्या वतीने अंगठा लखा वल्द सोमाचा.

सगुणाबाईंनी बोट त्या अंगठ्याच्या ठशावर ठेवलं. उचललं नाही. अभिलेखपाल म्हणाले, "बाई, पान जुनं आहे, हात नका लावू." मग तेच म्हणाले, "राहू द्या. लावा."

सुनावणीच्या दिवशी आम्ही नक्कल आणि बिल्ला दोन्ही घेऊन गेलो. अधिकारी तरुण होते, नीट वाचत होते. दोन्हींवरचं नाव एकच आहे हे पाहून त्यांनी मान डोलावली. "हे पदक फाइलला जोडावं लागेल. निकाल लागला की परत मिळेल."

"नाई," सगुणाबाई म्हणाल्या.

"बाई, पुरावा आहे तो."

"एक डाव गेला होता साहेब. बैल आमचा वाचला अन् हे गेलं. आता हातातून नाई देत. तुमी इथीच पाहा, कितीक पाहाचं थे पाहा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खिशातून पातळ कागद काढला. आमच्या छंदात हे नेहमी करावं लागतं. पदकावर कागद ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. कोरलेलं सगळं कागदावर उमटतं, अक्षरं तर डोळ्यांपेक्षा चांगली. मी दोन्ही बाजूंचे ठसे काढले. अधिकाऱ्यांनी त्यावर सही केली आणि फाइलला लावले. बिल्ला सगुणाबाईंच्या मुठीतून बाहेर आलाच नव्हता, मी त्यांच्या तळहातावरच कागद धरला होता.

निकाल यायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला फोन करत होतो. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेच्या नावाने हक्कपत्र आलं. ठेकेदाराने जाळी गुंडाळली. पहिल्या दिवशी बत्तीस घरांनी मिळून तलावात जाळं टाकलं तेव्हा मला बोलावणं आलं. पाणी कमी होतं. बायका कमरेपर्यंत उतरून टोपल्या दाबत होत्या. माझ्या वाट्याची एक मरळ केळीच्या पानात बांधून मिळाली. कोणी मला डॉक्टर म्हणत होतं, कोणी काही म्हणत नव्हतं. गावातले एक म्हातारे गृहस्थ नुसते माझ्याकडे पाहत बसले होते. 

त्या देवघेवीनंतर माझ्या पेटीत एकसष्ट पदकं उरली. एकेकाची कड पाहिली तर अकरांवर नावं निघाली. त्या अकरा नावांची एक यादी मी शर्टाच्या खिशात ठेवतो. दोन घरं सापडली. एका घराने पदक घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या घरी दोन भाऊ माझ्यासमोरच भांडले आणि मी ते धाकट्या सुनेच्या हातात देऊन निघून आलो. बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही. नऊ उरलीत. सिरोंच्याकडचं एक नाव तेलुगू वाटतं. पुढच्या आठवड्यात जायचं आहे. बायको म्हणते, गुडघे पाहा आधी.

त्या दिवशी तलावावरून निघताना मी सगुणाबाईंच्या अंगणात थांबलो. बिल्ला त्यांच्या गळ्यात होता, नव्या काळ्या दोऱ्यात, ओल्या पदरावर. मी न राहवून म्हणालो, "बाई, एक दिवस द्याल का मला? फक्त नीट पाहायला. उद्या स्वतः आणून देतो."

त्या मासे साफ करत होत्या. हात थांबला नाही.

"कागदावर घ्या जी," म्हणाल्या. "जिल्ह्याच्या साहेबाले कागद पुरला. तुमाले काऊन नाई पुरत?"

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. कागद काढला. त्यांनी राखेत हात पुसले, मान जराशी पुढे केली आणि दोरा न सोडता बिल्ला बोटांवर धरला. मी पेन्सिल फिरवायला लागलो. आधी लाटा आल्या, मग टोपलीच्या काड्या. मी उलटी बाजू धरायला सांगितलं. 'लखा' उमटत होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू घासा जी. झिजते थे."